दुष्काळ, अनाथ लेकरं आणि मिशन : महाराष्ट्रातल्या सेवाकार्याची पार्श्वभूमी

महाराष्ट्रात गरीब घरांतल्या मुलांसाठी चालणाऱ्या जुन्या संस्थांचा माग काढत गेलं, की वाट बहुतेक वेळा एखाद्या दुष्काळापाशी जाऊन पोचते. शाळा त्याआधी आल्या होत्या. अमेरिकन मराठी मिशन या ख्रिस्ती धर्मप्रचारक संस्थेचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये मुंबईत उतरले. १८३१ मध्ये मिशनने अहमदनगरला (आताचं अहिल्यानगर) ठाणं मांडलं. पुढे सिंथिया फॅरारबाईंनी तिथे मुलींच्या शाळा चालवल्या, जोतीराव फुल्यांनी त्या पाहिल्या आणि १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली. पण शाळा सुटल्यावर मूल घरी जातं. घरच उरलं नाही तर त्याने जायचं कुठे, हा प्रश्न दुष्काळाने समोर आणला.

त्याची चाहूल आधीही लागली होती. फुले दांपत्याने १८६३ मध्ये आपल्या घरातच बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं. १८७५ मध्ये पंढरपुरात लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने टाकून दिलेल्या अर्भकांसाठी आश्रम निघाला आणि प्रार्थना समाजाने तो चालवला. फुल्यांच्या घरात बाळंतिणीलाही आसरा होता, ही बाब मला फार मोलाची वाटते. मुलाला वाचवायचं तर आईलाही वाचवायला हवं, हे त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं.

१८७६ ते ७८ च्या दुष्काळात दख्खन होरपळून निघालं. सरकारने दुष्काळी कामं काढली. लोक खडी फोडत, तळी खणत. ज्याच्या अंगात काम करण्याइतकी ताकद होती, त्याला मजुरी मिळाली. ज्यांचे आईबाप वाटेतच गेले, त्या लेकरांच्या वाट्याला काय आलं, हे पंडिता रमाबाईंइतकं जवळून फार थोड्यांनी पाहिलं असेल. त्यांचे स्वतःचे आईवडील आणि बहीण त्या दशकातल्या उपासमारीत गेले होते. भावाबरोबर त्यांनी मैलोन् मैल पायी काढले होते.

म्हणूनच १८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याचं कळताच त्या स्वतः तिकडे गेल्या. तोवर त्यांचं शारदा सदन, म्हणजे विधवा आणि मुलींसाठीची निवासी शाळा, उभं राहिलं होतं. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू झालेली ही संस्था पुढच्या वर्षी पुण्याला आली. अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षं पैसा देण्याचं कबूल केलं होतं. ती मुदत संपल्यावर कशावर चालायचं, म्हणून रमाबाईंनी पुण्याजवळच्या केडगावला शंभरेक एकर जमीन घेऊन ठेवली होती. दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली आणि बाया तिथे राहिल्या, विहिरी खणल्या गेल्या, १८९८ मध्ये मुक्ती सदनाची पायाभरणी झाली. पाठोपाठ १८९९-१९०० चा दुष्काळ आला, ज्याला गुजरातेत छप्पनिया म्हणतात. तिकडूनही मुली आल्या आणि केडगावच्या वस्तीचा आकडा दोन हजारांच्या घरात गेला.

एवढ्यांना नुसतं जेवू घालणंही कठीण होतं. रमाबाई तिथेच थांबल्या नाहीत. शेती, गोठा, विणकाम, तेलघाणा, छापखाना अशी कामं तिथे बायकाच करत. अंध मुलींसाठी वेगळं घर होतं, म्हाताऱ्यांसाठी वेगळं, फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपा सदन. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकमधून मराठीत आणलेल्या बायबलच्या छपाईचे खिळेही तिथल्याच बायकांनी जुळवले.

आणि वाद. तो टाळून हा इतिहास सांगता येत नाही. शारदा सदनातल्या मुली ख्रिस्ती झालेल्या रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात, यावरून १८९३ मध्ये पुण्यात गदारोळ झाला. रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. केडगावात तर धर्मांतरं उघडच झाली. भुकेल्या मुलाला आसरा देणाऱ्याच्या हाती त्या मुलावर केवढी सत्ता येते, हा आक्षेप तेव्हाही खरा होता, आजही आहे. पण आक्षेप घेणाऱ्यांपैकी दुष्काळी मुलुखात जाऊन मुली घेऊन येणारे किती होते, हेही विचारायला हवं. ज्यांना त्या वादातून खरंच काही करावंसं वाटलं, त्यांनी संस्था काढल्या. धोंडो केशव कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम सुरू केला. त्यांच्या पत्नी आनंदीबाई शारदा सदनाच्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक होत्या.

विठ्ठल रामजी शिंद्यांनी पुढचं पाऊल टाकलं, असं माझं मत. ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजातून परतल्यावर १८ ऑक्टोबर १९०६ रोजी त्यांनी मुंबईत परळला निराश्रित साहाय्यकारी मंडळीची पहिली शाळा उघडली. इंग्रजीत या मंडळीचं नाव डिप्रेस्ड क्लासेस मिशन. कामाची पद्धत मिशनची होती, धर्मांतराची अट नव्हती. महत्त्वाचं म्हणजे मूल उचलून दूर न्यायचं नाही, तर अस्पृश्य मानल्या गेलेल्या कुटुंबांच्या शेजारी जाऊन राहायचं, हा शिंद्यांचा आग्रह होता. त्यांच्या भगिनी जनाक्काही या कामात उतरल्या होत्या.

पुढची कित्येक दशकं मात्र अनाथाश्रम, वसतिगृह, बालगृह हीच सेवेची ओळख राहिली. देणगीदारालाही इमारत दिसते, ओळीत बसलेली मुलं दिसतात; कुटुंबाला दिलेला आधार दिसत नाही. बालगृहांतल्या पुष्कळ मुलांचे आई किंवा वडील हयात असतात आणि त्यांना तिथे गरिबीने आणलेलं असतं, हे मान्य व्हायला फार काळ गेला. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमात मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय मानला आहे. राज्याच्या बालसंगोपन योजनेत मुलाला घरीच वाढवता यावं म्हणून दरमहा २,२५० रुपये दिले जातात, केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये ४,०००.

ऊसतोडीच्या हंगामात हा प्रश्न आजही दारात येतो. कुटुंब कोयता घेऊन कारखान्यावर निघालं, की मुलाने सोबत जाऊन साखरशाळेत, म्हणजे कारखान्याजवळच्या हंगामी शाळेत, बसायचं, की गावातच आजी-आजोबांकडे राहून हंगामी वसतिगृहात जेवायचं? गावोगावी काम करणाऱ्या संस्था दोन्ही करून पाहतात. आजी-आजोबा धडधाकट असतील तिथे दुसरा मार्ग बरा चालतो. जिथे घरात कुणीच मागे उरत नाही, तिथे मूल फडावर जातंच.