उन्हाळी डागडुजी (कोल्हापूर)

उन्हाळी डागडुजी म्हणजे पावसाळा लागायच्या आधी घरच्या घरी करायची घराची दुरुस्ती. गच्चीच्या भेगा बुजवणं, कौलं नीट बसवणं, पन्हळी साफ करणं, भिंतीची ओल शोधणं, वायरिंग बघून घेणं हे सगळं त्यात येतं. कोल्हापुरात याचा सीझन ठरलेला असतोय, एप्रिल-मे आणि फार तर जूनचा पहिला आठवडा, कारण एकदा मृग लागला की गच्ची वाळत नाही, गवंडी फोन उचलत नाहीत आणि मग सप्टेंबरपर्यंत गळतीखाली पातेलं ठेवून दिवस काढावे लागतात.

इथल्या लोकांना एक मोठी सोय म्हणजे वळीव. दुपारनंतर ढग भरून येतात, तासभर धो धो पडून मोकळं होतं आणि दुसऱ्या दिवशी परत कडक ऊन. हा पाऊस म्हणजे गळतीची फुकटची टेस्टच आहे. वळीव पडून गेला की लगेच टॉर्च घेऊन घरभर फिरायचं, छताला जिथं डाग आलाय तिथं पेन्सिलनं कडेनं रेघ मारून ठेवायची आणि मग वर जाऊन बघायचं. डागाच्या बरोबर वरच भेग असेल असं मात्र धरून चालू नये, पाणी कोब्याखालून (कोबा म्हणजे स्लॅबवरचा थर) उताराकडं सरकत जाऊन दोन-चार फूट लांब पण टपकतंय, म्हणून आधी पॅरापेटचा म्हणजे गच्चीच्या कडेच्या बुटक्या भिंतीचा सांधा, मग पाणी जायच्या पाईपचं तोंड, मग टाकीच्या खालची जागा असं बघत जावं. बहुतेक वेळा चोर या तिघांतलाच एक सापडतो.

वळीव पडलाच नाही तर पाईपच्या तोंडाला फडकं कोंबून गच्चीवर इंचभर पाणी दिवसभर साठवून बघतात. पण पाणी लई जड असतं, दोन इंच पाणी म्हणजे चौरस मीटरला ५० किलो वजन, त्यामुळं जुना, सळ्या उघड्या पडलेला स्लॅब असेल तर हा प्रयोग अजिबात करू नये.

भेग भरायचं काम साधं दिसतं, पण इथंच सगळ्यात जास्त घाई होते. भेगेवर वरनं सिमेंटचं पाणी ओतून काही होत नाही, ते पातळ पापुद्र्यासारखं बसतं आणि पहिल्याच उन्हाळ्यात उकलतं. भेग छिन्नीनं थोडी उघडायची, अर्धा इंच रुंद आणि तेवढीच खोल, आतला भुसा तारेच्या ब्रशनं काढायचा, धूळ पूर्ण झाडायची, पाणी मारून जागा ओलसर करायची आणि मग बारीक वाळू, सिमेंट आणि वॉटरप्रूफिंगचं लिक्विड कालवून ते दाबून भरायचं. केसासारखी बारीक भेग असेल तर तयार क्रॅक फिलर पुरतो. पॅरापेट आणि गच्ची जिथं भेटतात तिथं कोपरा काटकोनात ठेवायचा नाही, गोलाई द्यायची, म्हणजे पाणी तिथं थांबत नाही. हे काम सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर करावं आणि त्यावर ओलं गोणपाट टाकून निदान सात दिवस पाणी मारावं, कारण मे महिन्याच्या उन्हात सिमेंट पकड धरायच्या आधीच सुकतं आणि परत तडकतं. वरचा वॉटरप्रूफ कोट सगळ्यात शेवटी, दोन हात, पहिला उभा मारला तर दुसरा आडवा. महागडा डबा आणून धुळीवरच फिरवला तर पैसे पाण्यात गेले असं समजा.

आतल्या भिंतीला ओल दिसली की लोक आधी पुट्टी आणि रंग आणतात, हे चुकीचंच आहे. ओल कुठली आहे हे कळल्याशिवाय रंगाला हात लावू नये. त्यासाठी वीतभर प्लॅस्टिकचा चौकोनी तुकडा भिंतीवर ठेवून चारी कडांनी चिकटपट्टी पक्की मारायची आणि एक-दोन दिवस तसाच सोडायचा. प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला थेंब जमले तर ओल भिंतीतून येतीय, मग बाहेरची भेग किंवा बाथरूमची पाईपलाईन बघायची. थेंब बाहेरच्या बाजूला असतील तर ती खोलीतली दमट हवा, तिथं खिडकी उघडी ठेवणं आणि कपाट भिंतीपासून चार बोटं पुढं ओढणं एवढंच पुष्कळ.

पेठांमधली जुनी घरं वेगळी. शिवाजी पेठ, मंगळवार पेठेत अजून दगड-मातीच्या जाड भिंतींची घरं आहेत आणि अशा भिंतीला सिमेंटचा गिलावा मारला की आतली ओल बाहेर पडू शकत नाही, ती आतच साठते आणि गिलावा फुगून धडाधड सुटतो. तिथं चुन्याचा किंवा मातीचाच गिलावा लागतो, वर चुन्याचा रंग. मंगलोरी कौलांचं छप्पर असेल तर दरवर्षी फुटकी कौलं बदलून सरकलेली जागेवर बसवावी लागतात, आढ्यापाशी वाळवी लागलीय का बघावी लागते. कौलावर थेट पाय देऊ नये, वाशावर येईल अशी फळी टाकून त्यावरनं सरकावं. सिमेंटच्या पत्र्याला तर हे आणखीनच लागू, तो पाय ठेवल्यावर अचानक तुटतो. पत्र्याच्या हुकांचे वॉशर कडक झाले असतील तर बदलायचे, नट-बोल्ट, हूक, पट्ट्या सगळं उद्यमनगरात मिळतं.

दारं पावसात फुगून अडकतात हे इथं घरोघरी होतं. जुलैत रंधा मारायची घाई करू नये, उन्हाळ्यात तेच दार आक्रसतं आणि फट पडते. मे महिन्यात दाराची वरची आणि खालची कड ऑईल पेंटनं बंद केली तर लाकूड पाणी बरंच कमी ओढतं, सुतार दार बसवताना नेमकी हीच कड कोरी सोडतात.

वायरिंगमध्ये घरच्या माणसानं करायचं काम थोडंच, पण जिवाचं आहे. आरसीसीबी म्हणजे करंट गळला की लाईन आपोआप तोडणारा स्विच असेल तर त्याचं टेस्ट बटण दाबून ट्रिप होतंय का बघायचं. नसेल तर ३० मिलिअँपिअरचा बसवून घ्यायचा, वायरमन बोलवूनच. ओल्या भिंतीतला स्विचबोर्ड स्वतः उघडू नये.

सुतारवाडा, दुधाळी, शुक्रवार पेठ, शाहूपुरीतली कुंभार गल्ली अशा पूर येणाऱ्या भागात डागडुजीला आणखी एक बाजू आहे. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं, २०२१ च्या जुलैत परत तीच वेळ आली. तेव्हापासून अशा घरांत बोर्ड आणि इन्व्हर्टर जुन्या पाण्याच्या खुणेच्या वर घेणं, खालच्या मजल्यावर प्लायवूडचं फर्निचर टाळणं हे शहाणपणाचं. पाणी उतरलं की गाळ ओला असतानाच काढायचा, वाळला की खरवडावा लागतो. नंतर ब्लिचिंग पावडरच्या पाण्यानं फरशी धुवायची, दारं-खिडक्या उघड्या ठेवायच्या. मातीची भिंत पुरात उभी राहिली म्हणून ती सुरक्षित असं नाही, पाणी गेल्यावर वाळताना पण ती बसते, म्हणून तिला टेकू दिल्याशिवाय आत झोपू नये. नवा गिलावा आणि रंग भिंत आतपर्यंत वाळल्यावरच, म्हणजे दिवाळीच्या रंगाची घाई त्या वर्षी सोडून पुढच्या उन्हाळ्यातच. मेन स्विच वायरमननं सगळी लाईन तपासल्याशिवाय चालू करायचा नाही, बोर्ड बाहेरनं कोरडा दिसत असला तरी.