दृष्टिपटलाच्या तपासण्या : ऑफ्थॅल्मोस्कोपपासून ओसीटीपर्यंत

आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीचे जे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले, त्यांत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण, २६.४ टक्के, गोव्यात आढळले. मधुमेहामुळे दृष्टिपटलाला (डोळ्याच्या आतील मागच्या पडद्याला, म्हणजे रेटिनाला) होणारी इजा रुग्णाला बराच काळ जाणवत नाही. त्यामुळे फंडस फोटो (दृष्टिपटलाचे छायाचित्र), अँजिओग्राफी (रक्तवाहिन्यांतील प्रवाहाचे चित्रण) आणि ओसीटी (ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफी, म्हणजे प्रकाशाने दृष्टिपटलाचे थर मोजणे) यांपैकी कोणती तपासणी कोणासाठी, हा प्रश्न येथे अनेक घरांत पोहोचलेला आहे.

जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ साली ऑफ्थॅल्मोस्कोपची (डोळ्याच्या आत पाहण्याच्या उपकरणाची) माहिती प्रसिद्ध केली, तेव्हा पणजीतील वैद्यकीय शाळेला (आजच्या गोवा मेडिकल कॉलेजची ही पूर्वज) नऊ वर्षे झाली होती. जिवंत माणसाचा दृष्टिपटल आता नीट दिसू लागला, परंतु दिसलेले नोंदवण्यासाठी डॉक्टरला हाताने चित्र काढावे लागे. ही अडचण १९२० च्या दशकात आलेल्या फंडस कॅमेऱ्याने दूर केली.

फोटोत रक्तवाहिन्या दिसतात, त्या कोठे पाझरतात हे मात्र नेहमी कळत नाही. गोवा मुक्त झाला त्याच वर्षी, १९६१ साली, नोवोत्नी आणि अल्विस या अमेरिकेतील दोन वैद्यकीय विद्यार्थ्यांनी हाताच्या शिरेतून फ्लुओरेसिन हे रंगद्रव्य टोचून दृष्टिपटलातील रक्तप्रवाहाची छायाचित्रे घेण्याची पद्धत प्रसिद्ध केली. या रंगद्रव्याने काहींना मळमळते, क्वचित तीव्र ॲलर्जीही होते. लघवी पिवळी होते, हे आधी सांगितले नाही तर रुग्ण उगाच घाबरतो. पिकलेल्या मोतीबिंदूमुळे किंवा डोळ्यातील रक्तस्रावामुळे आतले काहीच दिसत नसेल, तर प्रकाशावर चालणाऱ्या या सर्व पद्धती अडतात आणि ध्वनिलहरींवर चालणारी बी-स्कॅन सोनोग्राफीच उपयोगी पडते.

१९९१ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतील फुजिमोतो, हुआंग व सहकाऱ्यांनी मांडलेल्या ओसीटीने प्रथमच खोलीचा हिशेब दिला. परावर्तित प्रकाशलहरींच्या व्यतिकरणातून (लहरी एकमेकींत मिसळण्याच्या परिणामातून) दृष्टिपटलाचे थर, डोळ्याला स्पर्श न करता, काही मायक्रॉनच्या बारकाईने मोजता येऊ लागले. दृष्टिपटलाच्या मध्यभागावरील सूज उपचाराने किती उतरली, हे आकड्यात सांगता येते. पुढे आलेली ओसीटी अँजिओग्राफी रंगद्रव्याशिवाय रक्तवाहिन्यांचे जाळे दाखवते, पण त्यांतला पाझर दाखवत नाही. त्यामुळे फ्लुओरेसिनची गरज संपलेली नाही.

म्हणूनच ‘नवे ते सरस’ असा क्रम येथे लावणे मला चुकीचे वाटते. गावपातळीवरील पहिल्या चाळणीसाठी जुना फंडस कॅमेराच अधिक कामाचा आहे, कारण प्रशिक्षित तंत्रज्ञाने काणकोण किंवा सत्तरीसारख्या दूरच्या तालुक्यात काढलेला फोटो दूरचा तज्ज्ञही तपासू शकतो, आणि दोष दिसलेल्यांनाच ओसीटीसाठी बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात बोलावता येते.