हान्सा नगरसंघ

मध्ययुगात बाल्टिक व उत्तर समुद्राच्या परिसरातील, मुख्यतः जर्मन भाषक व्यापारी शहरांनी परस्परांच्या व्यापाराच्या रक्षणासाठी उभारलेला संघ. ल्यूबेक हे त्याचे प्रमुख शहर. भरभराटीचा काळ सामान्यतः चौदावे-पंधरावे शतक मानतात.

संघाच्या स्थापनेची सनद नाही. त्यामुळे प्रारंभाविषयी मतभेद आहेत. जुन्या लेखनात ल्यूबेक व हँबर्ग यांच्यातील १२४१ च्या कराराला आरंभाचा मान दिलेला आढळतो. ल्यूबेकवरून वाहणाऱ्या ट्राव्ह नदीच्या मुखापासून हँबर्गपर्यंतच्या टापूत लुटारूंचा बंदोबस्त दोन्ही शहरांनी मिळून करावा आणि खर्च वाटून घ्यावा, असा त्याचा आशय. त्याआधी, बहुधा १२३० च्या सुमारासही, या दोन शहरांत काही समझोता झाला असावा. दुसरे मत बाल्टिकमधील गॉटलंड बेटावर जाणाऱ्या जर्मन व्यापाऱ्यांच्या मंडळांपासून आरंभ धरते. सॅक्सनीचा ड्यूक हेन्री (सिंह) याने ११६१ मध्ये गॉटलंडकरांशी घडवून आणलेला सलोखा हा त्याचा आधार. ११५९ मध्ये ल्यूबेकची पुनःस्थापना झाली ती व्यापाऱ्यांच्या एका भांडवलदार गटाने केली, हे इतिहासकार फ्रिट्झ र‍्योरिग याचे मत एके काळी फार प्रभावी होते. आता ते फारसे कोणी जसेच्या तसे स्वीकारत नाही. शहरांची पहिली सर्वसाधारण सभा १३५६ मध्ये ल्यूबेक येथे भरली. आधी व्यापाऱ्यांची मंडळे व नंतर त्यांच्या मागे उभी राहिलेली शहरे, असे संक्रमण हळूहळू झाले असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते.

आर्थिक कणा मात्र शेजारच्या शहरांच्या सहकार्याचाच होता. ल्यूबेक बाल्टिककडे, हँबर्ग एल्ब नदीमार्गे उत्तर समुद्राकडे. मधली खुष्कीची वाट सुमारे ६० किमी. ती सुरक्षित असली की डेन्मार्कला वळसा घालण्याची गरज उरत नसे. दक्षिणेस ल्यूनेबर्ग येथे मीठ पिके, तर त्या काळी डॅनिश अमलाखालील स्कॅनियाच्या (आजच्या स्वीडनचा दक्षिण भाग) किनाऱ्यावर हेरिंग मासळी मिळे. उपवासाच्या दिवसांत मांस वर्ज्य असल्याने खारवलेल्या मासळीस युरोपभर मागणी होती. मिठाच्या वाहतुकीसाठी १३९० च्या दशकात स्टेक्निट्झ कालवा खोदून एल्ब व ट्राव्ह जोडण्यात आल्या. ल्यूबेक, व्हिस्मार व रोस्टॉक यांनी १२५९ मध्ये समुद्री चाच्यांविरुद्ध एकजूट केली होती. पूर्वेकडून धान्य, मेण, फर व लाकूड येई. पश्चिमेकडून कापड जाई.

लंडन, ब्रूज, बेर्गेन व रशियातील नॉव्हगरॉड येथे संघाच्या वखारी होत्या. कायम सैन्य वा सामाईक खजिना नव्हता. व्यापारी बहिष्कार हे मुख्य शस्त्र. कोलोन शहराला १४७१ मध्ये संघाबाहेर काढून १४७६ मध्ये परत घेतले गेले. सदस्य शहरांची निश्चित संख्या सांगता येत नाही, आणि ती निश्चित नसणे संघाच्या सोयीचेच होते: १४६९ मध्ये इंग्लंडच्या राजदरबारात, आपण कायद्याच्या अर्थाने संस्थाच नाही, म्हणून एकाच्या अपराधाची शिक्षा सर्वांना देता येणार नाही, असा युक्तिवाद त्याने केला. तरीही युद्ध त्याला वर्ज्य नव्हते. डेन्मार्कचा राजा चौथा वाल्डेमार याच्याविरुद्ध कोलोन येथे १३६७ मध्ये शहरे एकत्र आली आणि १३७० च्या श्ट्राल्झुंड तहाने त्यांना व्यापारी सवलती मिळाल्या.

पुढे प्रबळ राजसत्ता व डच जहाजवाहतूक यांच्यापुढे संघ निष्प्रभ झाला. नॉव्हगरॉडची वखार मॉस्कोच्या तिसऱ्या इव्हानने १४९४ मध्ये बंद केली. शेवटची सभा १६६९ मध्ये भरली. वारसा ल्यूबेक, ब्रेमेन व हँबर्ग यांच्याकडे राहिला. हँबर्गच्या अधिकृत नावात ‘हान्सा शहर’ हा उल्लेख आजही आहे.