तौरात बदलली की तिचा अर्थ? जुन्या वादाची पार्श्वभूमी

मुसलमान ज्यूंची तौरात (तोरा, म्हणजे बायबलची पहिली पाच पुस्तकं) मानतात का, असं विचारलं की एक जण म्हणतो मानतात, तीही अल्लाहचीच किताब आहे, आणि दुसरा म्हणतो छे, ती बदललेली आहे असं त्यांचं मत आहे. दोघंही अर्धंच सांगतात. हे "बदललेली" प्रकरण एका दिवसात ठरलेलं नाही, त्यावर मुसलमान विद्वान आपापसात शेकडो वर्षं भांडलेत, आणि मला वाटतं ते भांडण माहीत नसेल तर या विषयावर बोलूच नये.

कुराणात सूरा माइदा या अध्यायाच्या ४४व्या आयतीत (ओळीत) तौरातमध्ये मार्गदर्शन आणि प्रकाश आहे असं सरळ म्हटलंय. मूसाला (मोझेसला) तौरात, दाऊदला (डेव्हिडला) जबूर म्हणजे स्तोत्रं, ईसाला (येशूला) इंजील म्हणजे शुभवर्तमान मिळालं यावर विश्वास ठेवणं हा ईमानचाच, म्हणजे श्रद्धेचाच भाग, त्यात सूट नाही. पण त्याच कुराणात (बकरा ७५, निसा ४६, माइदा १३) काही ज्यूंवर शब्द जागेवरून हलवल्याचा आरोप आहे, यालाच पुढे तहरीफ म्हणायला लागले. आता हलवले म्हणजे काय केलं, लिहिलेला मजकूरच बदलला की वाचताना, अर्थ सांगताना फिरवला? पुढचा सगळा वाद इथूनच फुटला.

हा विषय निघाला कुठून, तर मदिनेतून. ६२२ मध्ये पैगंबर मक्केहून तिथे आले तेव्हा बनू कैनुका, बनू नजीर, बनू कुरैजा हे ज्यू कबिले तिथे आधीपासून राहत होते. बुखारी या विद्वानाच्या संग्रहात एक हदीस, म्हणजे पैगंबरांच्या बोलण्या-वागण्याची नोंद आहे, ज्यू लोक व्यभिचाराचा एक खटला घेऊन पैगंबरांकडे आले, पैगंबरांनी विचारलं तुमच्या तौरातमध्ये काय शिक्षा आहे, मग तौरात आणली गेली आणि वाचणाऱ्याने दगडांनी मारण्याच्या शिक्षेच्या ओळीवर हात ठेवला आणि पुढचं-मागचं वाचत सुटला. अब्दुल्ला इब्न सलाम, जे स्वतः आधी ज्यू विद्वान होते, म्हणाले हात उचल. हात उचलला तर ओळ तिथेच! या गोष्टीत मजकूर शाबूत आहे, लपवाछपवी वाचणाऱ्याची आहे. बुखारीतच दुसरी हदीस आहे की ज्यू लोक तौरात हिब्रूत वाचून मुसलमानांना अरबीत समजावायचे, तेव्हा पैगंबर म्हणाले त्यांना खरंही म्हणू नका, खोटंही म्हणू नका.

सुरुवातीच्या पिढ्यांनी ज्यू परंपरेतून भरपूर घेतलं, येमेनचे काब अल-अहबार आधी ज्यू होते, त्यांच्या नावावरच्या कितीतरी कथा कुराणाच्या भाष्यांत आल्या. अशा कथांना इस्राइलियात म्हणतात, नंतरच्या विद्वानांना त्या खटकायला लागल्या. कायद्यात तौरातचा हुकूम थेट लागू होत नव्हता कारण कुराणाने नवी शरीयत दिली असं मानलं गेलं, तरी जिवाला जीव, डोळ्याला डोळा हा तौरातचा नियम कुराणातच आलाय, आणि कुराणात आलेला पण रद्द न केलेला जुना नियम आपल्यालाही लागू होतो असं हनफी (सुन्नी कायद्याच्या चार परंपरांपैकी एक) मानतात.

मजकूरच बिघडलाय हे सगळ्यात जोरात मांडलं स्पेनमधल्या कॉर्डोबाच्या विद्वान इब्न हज्मने (९९४ ते १०६४). त्याने तौरात बारकाईने वाचली, आकडे जुळत नाहीत, वंशावळीत घोळ आहे, नबींवर (पैगंबरांवर) नको ते आरोप आहेत, असं एकेक काढून दाखवलं. त्याचा परिणाम फार मोठा झाला. पुढच्या शतकात ज्यू विद्वान मैमोनिडीसने लिहिलं की ख्रिश्चनांना तौरात शिकवायला हरकत नाही, अर्थ चुकीचा लावत असले तरी मजकूर मानतात, मुसलमानांना मात्र शिकवू नका, ते मजकूरच मानत नाहीत.

पण सगळे मुसलमान इब्न हज्मच्या मागे गेले असं अजिबात नाही. इतिहासकार इब्न खल्दूनने (१३३२ ते १४०६) मजकूर बदलल्याचा दावा जाणकार मानत नाहीत असं लिहिलं. पंधराव्या शतकात कैरोच्या अल-बिकाई या भाष्यकाराने तर कुराणाच्या भाष्यात तौरात आणि इंजीलचे लांबच लांब उतारे घातले, त्यावरून एवढा गदारोळ झाला की हे का चालतं ते सांगायला त्याला वेगळं पुस्तक लिहावं लागलं. मला या सगळ्यांत हाच माणूस सगळ्यात धाडसी वाटतो.

भारतात हा वाद पेटला १८५४ मध्ये आग्र्याला. जर्मन मिशनरी फांडर आणि मौलाना रहमतुल्ला कैरानवी यांचा जाहीर वादविवाद झाला, मौलानांच्या बाजूने डॉ. वजीर खान होते आणि त्यांनी युरोपातल्याच अभ्यासकांची बायबलवरची टीका पुढे केली, मजकुरात पाठभेद आहेत हे फांडरला कबूल करावं लागलं. कैरानवींनी नंतर इजहार-उल-हक लिहिलं आणि ते पुस्तक अजूनही अशा वादांत वापरलं जातं. त्याच काळात सर सय्यद अहमद खान यांनी बायबलवर भाष्य लिहायला घेतलं आणि तहरीफ मुख्यतः अर्थाची आहे, मजकूर मुद्दाम बदललेला नाही, हीच बाजू मांडली.