आयबी डिप्लोमात तिन्ही सायन्स: नॉन-रेग्युलर कॉम्बिनेशनची पार्श्वभूमी

आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) या अकरावी-बारावीच्या पातळीच्या आंतरराष्ट्रीय डिप्लोमाला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी तिन्ही एकत्र घेता येतात का, हा प्रश्न विषय निवडायची वेळ आली की हमखास निघतो आणि उत्तरं दोन टोकांची मिळतात, एक जण म्हणतो शक्यच नाही, दुसरा म्हणतो आमच्या शाळेत एकाने घेतलेत की. दोघंही बरोबर असतात. रेग्युलर डिप्लोमात तिन्ही बसत नाहीत, पण नॉन-रेग्युलर डिप्लोमा नावाची एक परवानगी आहे आणि तिच्यातून बसतात. मुलांना आणि पालकांना ही परवानगी म्हणजे वशिल्याचं काम किंवा पळवाट वाटते, आणि मला ते मनापासून खटकतं, कारण इतिहास बघितला तर ज्या कारणासाठी हा सगळा डिप्लोमा जन्माला आला त्याच कारणातून ही परवानगीपण येते.

सुरुवात जिनिव्हात. 1924 मध्ये तिथे इंटरनॅशनल स्कूल निघाली, लीग ऑफ नेशन्स आणि इंटरनॅशनल लेबर ऑफिसमध्ये कामाला आलेल्या लोकांच्या मुलांसाठी. मुलं अनेक देशांची, आणि शाळा संपवून जायचं तेही आपापल्या देशातल्या युनिव्हर्सिटीत, म्हणजे एकाला फ्रेंच बॅकलॉरिएट द्यायचंय, दुसऱ्याला स्विस मॅच्युरिटे, तिसऱ्याला इंग्लंडची परीक्षा, चौथ्याला अमेरिकन कॉलेज बोर्डाची, त्यामुळे वरच्या वर्गात आलं की एकत्र वाढलेली मुलं परीक्षेप्रमाणे वेगळी बसवायला लागायची आणि एकेका गटात मोजकीच पोरं उरायची. शाळेला हे परवडणारं नव्हतं आणि शिक्षकांना पटणारंही नव्हतं. सगळ्या देशांच्या युनिव्हर्सिट्या मान्य करतील अशी एकच परीक्षा का नसावी, हा विचार या रोजच्या अडचणीतून पुढे आला. जगशांती, आंतरराष्ट्रीय समज वगैरे गोष्टीही होत्याच आणि लोक त्या मनापासून मानत होते, पण ॲडमिशनचा प्रश्न सुटला नसता तर नुसत्या आदर्शावर काही उभं राहिलं नसतं.

1962 मध्ये जिनिव्हात शिक्षकांची एक परिषद झाली, पुढच्याच वर्षी समकालीन इतिहासाची एक प्रायोगिक परीक्षा घेतली गेली, मग अमेरिकेतल्या ट्वेंटिएथ सेंच्युरी फंड आणि फोर्ड फाउंडेशनचे पैसे आले, आणि 1968 मध्ये इंटरनॅशनल बॅकलॉरिएट ही संस्था रीतसर स्थापन झाली. पहिल्या अधिकृत परीक्षा 1970 च्या.

या सगळ्यात विषयांच्या चौकटीवर ज्या माणसाचा ठसा सगळ्यात जास्त आहे तो म्हणजे ॲलेक पीटरसन. ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटीच्या शिक्षण विभागाचा प्रमुख, आणि आयबीचा पहिला डायरेक्टर जनरल. इंग्लंडमध्ये 1951 पासून ए लेव्हल या शाळेच्या शेवटच्या परीक्षा सुरू झाल्या होत्या, तिथला मुलगा सोळाव्या वर्षीच आर्ट्स नाहीतर सायन्स असा एका बाजूला पडायचा आणि पुढची दोन वर्षं जेमतेम तीन विषय, तेही बहुतेक एकाच बाजूचे, करत बसायचा. पीटरसनला हे अजिबात मान्य नव्हतं, 1960 मध्ये त्याने याच विषयावर एक अहवाल तयार केला होता, इंग्लिश शाळांमधली ही लवकर होणारी फाळणी कशी चुकीची आहे हे मांडणारा. दुसऱ्या टोकाला फ्रान्स आणि जर्मनी, तिथे शाळा संपेपर्यंत विषयांचा भलामोठा गठ्ठा, म्हणजे रुंदी आहे पण त्याला वाटायचं की त्यात पाठांतराचं ओझंच जास्त आणि एखाद्या गोष्टीत खोल उतरायला वेळ नाही. सहा विषय, त्यातले सहसा तीन वरच्या पातळीवर (हायर लेव्हल, एचएल) आणि तीन खालच्या (स्टँडर्ड लेव्हल, एसएल), ही आजची रचना या दोन टोकांमधली तडजोड आहे. आजच्या आकड्यात सांगायचं तर एचएलला 240 तास आणि एसएलला 150 तास शिकवणं अपेक्षित असतं. 1967 मध्ये फ्रान्समधल्या सेव्हर इथे झालेल्या बैठकीत या चौकटीवर बरंच काम झालं, आणि ती ठरवणाऱ्यांच्या डोक्यात सतत एकच हिशेब होता, कुठल्या देशाची युनिव्हर्सिटी काय मागेल आणि काय नसेल तर दार बंद करेल.

म्हणून सहा ग्रुप. पहिली भाषा, दुसरी भाषा, समाजशास्त्रं (या ग्रुपला आधी स्टडी ऑफ मॅन म्हणायचे), प्रयोगाची सायन्सेस, मॅथ्स, आणि सहावा कलेचा. पहिल्या पाचांतून एकेक घ्यायचाच, आणि सहावा कप्पा मुद्दाम थोडा मोकळा ठेवलेला, कला घ्या नाहीतर पहिल्या चारांपैकी कुठल्या तरी ग्रुपमधला अजून एक विषय घ्या.

आता इथे बसून हिशेब केला की अडचण लगेच दिसते. भाषा दोन, समाजशास्त्र एक, मॅथ्स एक, हे चार गेले, उरले दोन कप्पे, म्हणजे सायन्स जास्तीत जास्त दोन. केमिस्ट्री बायोलॉजी बसेल, फिजिक्स केमिस्ट्री बसेल, तिसरं नाही. काही जण विचारतात की एन्व्हायर्नमेंटल सिस्टिम्स अँड सोसायटीज, म्हणजे ईएसएस, घेतलं तर? ते समाजशास्त्र आणि सायन्स दोन्ही ग्रुपमध्ये धरलं जातं, त्यामुळे एका विषयात दोन ग्रुप भागतात हे खरं, पण तरी दोन भाषा, मॅथ्स आणि ईएसएस धरून चार झाले आणि हातात कप्पे दोनच उरले, म्हणजे ईएसएस अधिक दोन सायन्स. ज्या युनिव्हर्सिटीला शुद्ध फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी हवंय तिच्यासाठी हा उपाय नाही. ईएसएसचा खरा फायदा होतो तो ज्याला दोन कलाविषय किंवा ईएसएस धरून तीन समाजशास्त्रं करायची आहेत त्याला, आणि तेही पूर्ण रेग्युलर राहून, कोणाची परवानगी न मागता. खरंतर हे जास्त लोकांना माहीत असायला हवं, कारण वेगळं कॉम्बिनेशन म्हटलं की सगळे थेट नॉन-रेग्युलरवर उडी मारतात.

तर नॉन-रेग्युलरचा नियम असा. विद्यार्थ्याला ज्या युनिव्हर्सिटी कोर्सला जायचंय त्याच्या प्रवेशाच्या अटी सहा ग्रुपच्या चौकटीत पूर्ण होऊच शकत नसतील, तर एक विषय बदलून मिळू शकतो. एकच. बाकी सगळं तसंच राहतं, थिअरी ऑफ नॉलेज (ज्ञान म्हणजे काय यावरचा कोर्स), एक्स्टेंडेड एसे (स्वतः संशोधन करून लिहायचा मोठा निबंध), कॅस (कला, खेळ, समाजसेवा असे उपक्रम), आणि पास होण्याच्या अटीसुद्धा. अर्ज विद्यार्थी स्वतः करत नाही, शाळेचा डीपी (डिप्लोमा प्रोग्राम) कोऑर्डिनेटर आयबीकडे करतो आणि सोबत युनिव्हर्सिटीने काय मागितलंय त्याचा लेखी पुरावा लागतो. सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार म्हणजे समाजशास्त्राच्या जागी तिसरं सायन्स.

मला इतिहास आवडतो, मला सायन्स जड जातं, माझ्या शाळेत त्या ग्रुपचे विषय बोअर आहेत, असली कारणं इथे चालत नाहीत. काही मुलांना हे अन्यायाचं वाटतं आणि त्यांची बाजू मला समजते, सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला आपली आवड हे पुरेसं कारण वाटणं साहजिक आहे. पण मागचा इतिहास डोळ्यासमोर ठेवला तर नियमाचा तर्क सरळ दिसतो. ही चौकट बनवली कशासाठी, तर मुलाला कुठल्याही देशात शिकायला जाता यावं म्हणून. मग चौकटच जर एखाद्याचा रस्ता अडवत असेल तर चौकट वाकवायची, नाहीतर तिचा मूळ हेतूच मोडतो. आणि नुसत्या आवडीसाठी वाकवली तर पीटरसनचा दुसरा मुद्दा मोडतो, की सोळाव्या वर्षी कोणी स्वतःला एका बाजूला कोंडून घेऊ नये.

रस्ता कुठे अडतो हे मात्र देशागणिक बदलतं आणि सगळा गोंधळ इथेच होतो. ब्रिटनमधल्या मेडिकल स्कूल्सना बहुतेक ठिकाणी केमिस्ट्री आणि बायोलॉजी एचएलला पुरतं, म्हणजे तिथे जाणाऱ्याला रेग्युलर डिप्लोमात काही अडत नाही आणि नॉन-रेग्युलर मागायला कारणच उरत नाही. भारतात मेडिकलला तिन्ही सायन्स झालेले असावे लागतात, तिथे अडतं. इंजिनिअरिंगला सहसा फिजिक्स आणि मॅथ्सवर भर, जोडीला फार तर केमिस्ट्री, ते दोन कप्प्यांत बसून जातं. जर्मनीचं अजून वेगळं, तिथल्या राज्यांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने 1986 मध्ये आयबीच्या मान्यतेचा ठराव केला आणि पुढे तो वेळोवेळी सुधारला, त्यात विषयांच्या स्वतःच्या अटी आहेत, जसं की एचएलच्या विषयांत मॅथ्स किंवा बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स यांपैकी एक पाहिजेच. म्हणजे आयबीच्या नियमाने एकदम चोख असलेला डिप्लोमासुद्धा तिथे कमी पडू शकतो. उलटही लक्षात ठेवायला हवं, समाजशास्त्र काढून टाकलेला नॉन-रेग्युलर डिप्लोमा ज्या एका कोर्ससाठी घेतला तिथे चालेल, पण ऐनवेळी मन बदललं आणि दुसऱ्या देशात अर्ज केला तर तिथे तो चालेलच असं गृहीत धरता येत नाही.

चौकट आतून सैल करायचे प्रयत्नही बरेच झाले. शाळांना स्वतःचा अभ्यासक्रम बनवून आयबीकडून मंजूर करून घ्यायची सोय होती, स्कूल बेस्ड सिलॅबस म्हणतात त्याला, आणि मला आयबीच्या इतिहासातला हा भाग फार आवडतो कारण त्यात शिक्षकांना खरंच मोकळीक होती, कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या पीअरसन कॉलेजमध्ये समुद्राशेजारी राहून मरीन सायन्स शिकवलं जायचं ते याच सोयीखाली. ईएसएस 2008 पासून शिकवायला लागले, आणि कितीतरी वर्षं ते फक्त एसएललाच होतं, एचएल आलं ते 2024 पासून. लिटरेचर अँड परफॉर्मन्स हा विषय असाच पहिल्या भाषेच्या आणि कलेच्या अशा दोन ग्रुपमध्ये धरला जातो.

मग सातवा विषय घेऊन टाकायचा का? काही शाळा घेऊ देतात, समाजशास्त्र तसंच ठेवून तिसरं सायन्स जादा कोर्स म्हणून, त्याचा निकाल स्वतंत्र मिळतो पण डिप्लोमाच्या एकूण 45 पॉइंट्सच्या हिशेबात तो येत नाही. डिप्लोमा रेग्युलर राहतो आणि तिसरं सायन्सही होतं, फक्त दोन वर्षं सात विषयांचा भार ओढायचा म्हणजे काय ते घेण्याआधी नीट बघावं, आणि युनिव्हर्सिटी तो वेगळा निकाल धरते का हे आधी लेखी विचारून घ्यावं.

नॉन-रेग्युलरचं ठरलंच असेल तर अडचण उरते ती वेळेची. पुरावा कोर्सच्या सुरुवातीलाच द्यायचा असतो, म्हणजे युनिव्हर्सिटी, देश आणि कोर्स तिन्ही डिप्लोमा सुरू व्हायच्या आधी ठरलेले पाहिजेत आणि प्रवेशाच्या अटींचं पान डाउनलोड करून कोऑर्डिनेटरच्या हातात पोचलेलं पाहिजे. पहिल्या वर्षाच्या मध्यात जाग आली तर तोपर्यंत वर्गात तिसऱ्या सायन्सचे दोन-तीन युनिट होऊन गेलेले असतात, आणि अर्ज करायला कोऑर्डिनेटरसुद्धा सहसा तयार होत नाही.