फॉरमॅट मारल्यावर नक्की काय बरं होतं?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा मोफत सपोर्ट संपला आणि त्या आठवड्यात मला घरच्यांचे तीन फोन आले. तिघांचं म्हणणं एकच, आता विंडोजला हात लावायचाच आहे तर सोबत फॉरमॅटही मारून घेऊ (डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकू), म्हणजे कॉम्प्युटर पण फास्ट होईल. हे "म्हणजे फास्ट होईल" आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की त्याबद्दल कुणी विचारतच नाही. फॉरमॅट मारला की फास्ट होतो हे खरं आहे, मी नाही म्हणत नाही, पण का होतो आणि काही महिन्यांनी परत ये रे माझ्या मागल्या का होतं, ते बघण्यासारखं आहे.

तीनपैकी एक फोन कऱ्हाडच्या ताईचा होता. तिचा लॅपटॉप २०१७ चा, १ टीबी हार्डडिस्कवाला. बटण दाबायचं, गॅसवर चहा ठेवायचा, चहा गाळून आणेपर्यंत डेस्कटॉप दिसायचा आणि चहा संपेपर्यंत ब्राउझर उघडायचा. दोनदा दुकानात नेऊन पाचशे-पाचशे देऊन विंडोज टाकून आणली होती. दोन्ही वेळा थोडे दिवस मस्त चालला, मग परत तेच. भावजींचं निदान अर्थातच "व्हायरस".

कॉम्प्युटरचा कुठला भाग किती बिझी आहे ते विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये दिसतं. मी म्हटलं, "ताई, टास्क मॅनेजर उघड आणि डिस्कच्या खाली काय आकडा आहे सांग."

"शंभर टक्के. लाल झालंय."

"आणि त्याच रांगेत एमबी किती दिसतायत?"

"एक पॉइंट दोन. कमी-जास्त होतंय."

झालं, एवढ्यावर सगळी गोष्ट कळते. डिस्क शंभर टक्के बिझी आहे आणि सेकंदाला जेमतेम १ एमबी देतेय. हीच डिस्क एखादा मोठा सिनेमा कॉपी करताना सेकंदाला १०० एमबी सहज देते. मग उरलेला वेळ ती करते काय? तर हात हलवते. अक्षरशः.

हार्डडिस्क उघडून बघितली नसेल तर सांगतो. आत आरशासारख्या चकचकीत गोल तबकड्या असतात आणि त्यांच्यावर जुन्या रेकॉर्ड प्लेअरसारखा एक हात फिरतो, त्याच्या टोकाला वाचणारं हेड. लॅपटॉपच्या डिस्कची तबकडी साधारणपणे मिनिटाला ५४०० फेरे मारते, म्हणजे सेकंदाला ९०. तबकडीचा व्यास ६५ मिलिमीटर धरला तर कडेचा वेग ताशी ६६ किलोमीटर येतो, म्हणजे आपल्या मांडीवर, त्या चपट्या डबीत, एसटीच्या वेगाने काहीतरी धावत असतं. आणि हेड त्या पृष्ठभागाला टेकत नाही, हवेच्या अगदी पातळ थरावर तरंगतं, अंतर काही नॅनोमीटर. माणसाचा केस याच्या हजारो पट जाड.

आता त्या हाताला सांगितलं की अमुक फाइलचा ४ केबीचा तुकडा आण. पहिलं काम, हात बरोबर त्या वर्तुळावर नेऊन उभा करायचा. हाताच्या मुळाशी एक तारेची गुंडाळी असते, तिच्या वर-खाली जबरदस्त चुंबक, गुंडाळीत करंट सोडला की हात झटकन सरकतो, स्पीकरचा पडदा ज्या तत्त्वावर हलतो तेच इथे. पण झटकन म्हणजे आपल्यासाठी झटकन, सरासरी १२ मिलिसेकंद जातात, कारण नुसतं पोचून चालत नाही, पोचल्यावर थरथर थांबून नेमक्या रेषेवर स्थिर व्हावं लागतं. दुसरं काम, वाट बघणं. जत्रेतल्या घोड्यांच्या चक्रावर आपल्याला पांढऱ्याच घोड्यावर बसायचंय आणि तो नुकताच समोरून गेलाय, तर अख्खा फेरा थांबायचं. एक फेरा ११.१ मिलिसेकंदांचा, कधी घोडा लगेच येतो कधी पूर्ण फेरा लागतो, सरासरी अर्धा धरा, ५.६. दोन्ही मिळून साडेसतराच्या आसपास. यानंतर प्रत्यक्ष वाचायला लागतो तो वेळ इतका कमी की हिशोबात धरला नाही तरी चालेल!

१००० भागिले १७.५, म्हणजे सेकंदाला ५७ तुकडे. प्रत्येकी ४ केबी. गुणाकार करा, २२८ केबी. सेकंदाला १०० एमबी देणारी डिस्क इकडचं-तिकडचं वाचायला लावली की पाव एमबीवर येते. ताईला १.२ दिसत होते कारण सगळेच तुकडे एवढे बारीक नसतात, काही मोठे असतात, काही शेजारी-शेजारी असतात.

समजा विंडोज चालू व्हायला असे १०,००० तुकडे लागले (आकडा मी सोयीसाठी घेतलाय). विखुरलेले असतील तर १७५ सेकंद, तीन मिनिटांना पाच कमी. तेच १०,००० एका ओळीत लागून ठेवलेले असतील तर एकूण माल फक्त ४० एमबी, अर्ध्या सेकंदाच्या आत वाचून मोकळे. डिस्क तीच, फाइली त्याच. फरक फक्त मांडणीचा.

आता फॉरमॅटकडे या. कोऱ्या डिस्कवर विंडोज टाकली की फाइली एकामागोमाग एक लिहिल्या जातात आणि बऱ्याचशा तबकडीच्या बाहेरच्या कडेला येतात, कारण डिस्कची सुरुवात बाहेरून होते. बाहेरचं वर्तुळ मोठं, एका फेऱ्यात जास्त डेटा हेडखालून जातो, आणि सगळं एकाच पट्ट्यात असल्याने हाताला लांब उड्याही माराव्या लागत नाहीत. म्हणून बरं वाटतं. मग अपडेट येतात, जुन्या फाइलची नवी आवृत्ती जिथे जागा मिळेल तिथे जाते, फोटो भरले, डाउनलोड झाले, काही उडवले, मधे खड्डे पडले, त्या खड्ड्यांत पुढच्या फाइलचे तुकडे बसले. विंडोज डिस्क मधूनमधून स्वतःच आवरते, नाही असं नाही, पण त्यासाठी लॅपटॉप चालू आणि रिकामा पडून राहायला हवा. ताई काम झालं की झाकण बंद करते.

आणि स्टार्टअप. प्रिंटरवाल्याचा प्रोग्रॅम, व्हिडिओ कॉलवाल्याचा, ब्राउझरचा अपडेटर, दोन-दोन अँटिव्हायरस, सगळे लॉगिन झाल्या झाल्या एकदम डिस्ककडे हात पसरतात. इथे एक गंमत आहे जी मला स्वतःला उशिरा कळली. दोन जणांनी एकाच वेळी मागितलं तर प्रत्येकाला निम्मा वेग मिळेल असं आपल्याला वाटतं, १०० चे ५०-५०. तसं होत नाही. हात याचा एक तुकडा वाचून त्याच्याकडे उडी मारतो, त्याचा एक वाचून परत याच्याकडे, आणि प्रत्येक उडीला ते १७ मिलिसेकंद. दोघांची बेरीज मिळून १०० च्या कितीतरी खाली येते. डिस्कवाल्यांनी यावर उपाय काढलाय, डिस्कला ३२ पर्यंत मागण्या एकदम द्यायच्या आणि हात कुठे आहे, तबकडी कुठपर्यंत फिरलीये ते बघून क्रम तिचा तिने लावायचा. बिल्डिंगची लिफ्ट जशी बटण दाबल्याच्या क्रमाने न जाता मजल्यांच्या क्रमाने जाते तसं, फक्त या लिफ्टला मजल्यासोबत इमारत फिरतेय तिचा कोनही सांभाळायचा असतो. पण याचा फायदा मागण्या आधीच रांगेत असतील तर. बूट होताना, म्हणजे कॉम्प्युटर चालू होताना, बऱ्याचदा पहिला तुकडा वाचल्याशिवाय दुसरा कुठला मागायचा हेच माहीत नसतं (ड्रायव्हर, म्हणजे एखादा भाग चालवणारा प्रोग्रॅम, वाचला, त्याने सांगितलं मला अजून अमुक फाइल लागते, ती वाचली, तिने तिसरीकडे बोट दाखवलं), मग रांग होणार कशी? हे जरा किचकट झालं, सोडून द्या, मुद्दा एवढाच की गर्दी झाली की काम मागे राहतं आणि नुसती धावपळच होते.

विंडोजलाही हे दुखणं जुनंच माहिती आहे. २००१ च्या विंडोज एक्सपीपासून ती दर वेळी चालू होताना कोणत्या फाइलचे कोणते तुकडे लागले याची नोंद ठेवते आणि पुढच्या वेळी ते आधीच, सोयीच्या क्रमाने उचलून आणते. त्या नोंदी प्रीफेच नावाच्या फोल्डरमध्ये असतात. आणि "कॉम्प्युटर रॉकेटसारखा पळवा" छाप व्हिडिओत पहिली टीप काय असते? प्रीफेच फोल्डर रिकामा करा! म्हणजे पोस्टमनने वर्षभर फिरून तयार केलेली गल्ल्यांची यादी फाडून टाका आणि म्हणा आता पत्रं लवकर येतील. रजिस्ट्री म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जची वही, ती साफ करणारे रजिस्ट्री क्लीनर हा तसलाच धंदा. रजिस्ट्रीत हवी ती नोंद गाठायला सगळी रजिस्ट्री पालथी घालावी लागत नाही, त्यामुळे हजार फालतू नोंदी काढून तुमचा बूट टाइम जाणवेल इतका कमी होणार नाही, उलट कामाची एखादी उडाली तर खरोखर फॉरमॅट मारायची वेळ येते.

आणि आपला राष्ट्रीय मंत्र, डेस्कटॉपवर राइट क्लिक करून रिफ्रेश! शाळेच्या लॅबमध्ये सरांनी पाच वेळा मारलेला बघितला आणि आपण आयुष्यभर मारतोय. त्याने फक्त डेस्कटॉपवरची चित्रांची यादी परत वाचून काढली जाते, रॅम रिकामी होत नाही, काही म्हणजे काही फास्ट होत नाही. खंडेनवमीला कॉम्प्युटरला हळदकुंकू लावतो, झेंडूचं फूल ठेवतो, ते मीपण करतो, ती कृतज्ञता झाली (अक्षता मात्र कीबोर्डपासून लांब ठेवा). पण रिफ्रेशला आपण उपाय समजतो.

अजून एक. विंडोज ८ पासून शटडाउन म्हणजे पूर्ण बंद नव्हे. फास्ट स्टार्टअप नावाची सोय चालू असेल तर विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर जसे मेमरीत आहेत तसे एका फाइलमध्ये उतरवले जातात आणि सकाळी ती एकच मोठी फाइल सलग वाचली जाते. सलग! वरचा हिशोब आठवा, शेकडो ठिकाणी फिरण्यापेक्षा एका ओळीत वाचणं हातासाठी कितीतरी स्वस्त. पण यामुळे काही बिघडलं असेल तर तेही जसंच्या तसं झोपून उठतं, "बंद करून चालू केला तरी तसाच" ही तक्रार त्यातूनच येते. तेव्हा रीस्टार्ट करायचा, रीस्टार्टमध्ये खरंच सगळं पहिल्यापासून सुरू होतं.

ताईच्या डिस्कमध्ये आणखी एक भानगड निघाली. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाकून बघितलं तर पिवळा इशारा, काही सेक्टर (डिस्कवरचे डेटाचे छोटे कप्पे) नीट वाचता येत नव्हते. असा सेक्टर आला की डिस्क हट्टाने परत परत वाचायचा प्रयत्न करते, फेऱ्यामागून फेरे, कधीकधी काही सेकंद, आणि तोवर ज्याला तो तुकडा हवाय तो प्रोग्रॅम ताटकळत बसतो. क्विक फॉरमॅटने यात काहीच होत नाही, तो फक्त नवीन अनुक्रमणिका लिहितो. फुल फॉरमॅट मात्र विंडोज विस्टापासून सगळीकडे शून्यं लिहितो, आणि अशा सेक्टरवर लिहायला गेलं की डिस्कला तो खराबच आहे असं पटलं तर ती राखीव जागेतला दुसरा सेक्टर त्याच्या नावावर करते. म्हणजे फॉरमॅटने बरं वाटण्याचं हे आणखी एक कारण, आणि डिस्क मरायला लागलीये ही बातमी दडपायचंही. दुकानदाराने दोन्ही वेळा डिस्क तपासली असती तर दुसरे पाचशे वाचले असते.

मी विंडोज टाकलीच नाही. ताईचे फोटो आधी बाहेर काढले, तिच्याकडून अनोळखी स्टार्टअपवाले बंद करून घेतले, आणि होतं ते सगळं जसंच्या तसं एका साध्या एसएसडीवर, म्हणजे चिपमध्ये डेटा ठेवणाऱ्या डिस्कवर, क्लोन केलं. म्हणजे तीच जुनी, दोन वर्षं अपडेट खाल्लेली, विखुरलेली विंडोज. चालू व्हायला वीस सेकंद. एसएसडीत हात नाही, तबकडी नाही, तुकडा कुठेही असो, मिलिसेकंदाच्या दहाव्या भागात हजर, वरचे १०,००० तुकडे एका सेकंदात. "सेकंदाला ७००० एमबी" लिहिलेल्या महागड्या एसएसडीचा मोह मात्र नको, तो आकडा सलग वाचण्याचा असतो, चालू होताना आपल्याला सगळं सलग कुठे वाचायचंय. विंडोज १० चा प्रश्न याने सुटत नाही, ११ ला तिचा प्रोसेसर जुना पडतो, ते वेगळं बघावं लागेल.

फॉरमॅटची खरी गरज असते ती सिस्टिमच्या फाइली मोडल्या असतील किंवा खरोखरचा व्हायरस आत मुरला असेल तेव्हा.

जुनी डिस्क भाच्याने मागून घेतली आणि स्क्रू काढून उघडली. तबकडीत स्वतःचं तोंड बघून झालं, हात बोटाने इकडून तिकडे फिरवून झाला. त्याच्या मुळाशी असलेला चुंबक आता फ्रिजवर आहे, दुधाच्या हिशोबाचा कागद धरून. काढायला गेलं तर नख दुखतं.