पार्श्वभूमी : पडद्यावर आई बोलते, मिरजेत नातेवाईक

असाध्य आजार झालेली आई, शेवटच्या दोन दिवसांसाठी घरी जमलेल्या लेकी-सुना, आणि आधीच ठरलेली मृत्यूची वेळ. या धर्तीचे चित्रपट गेल्या वीसेक वर्षांत युरोप-अमेरिकेत बरेच निघाले. सांगलीच्या प्रेक्षकाला त्यातलं रडणं कळतं, भावंडांची भांडणं तर फारच ओळखीची वाटतात. अडतं एकाच ठिकाणी. तिथं निर्णय रुग्ण घेतो आणि घरच्यांना तो पचवायचा असतो. मिरजेत आयसीयूबाहेरच्या बाकड्यांवर थोरला मुलगा, जावई आणि गावाकडून आलेली भावकी मिळून निर्णय घेते. आत झोपलेल्याला कित्येकदा आजाराचं नावही सांगितलेलं नसतं.

चित्रपटातल्या आईला तो अधिकार मिळाला त्याची सुरुवात स्वित्झर्लंडमध्ये आहे. तिथल्या दंडसंहितेचं ११५वं कलम १९४२ पासून लागू आहे. स्वार्थापोटी आत्महत्येला मदत केली तर शिक्षा, इतकंच ते म्हणतं. स्वार्थ नसेल तर गुन्हा होत नाही. या फटीतून १९८२ मध्ये ‘एक्झिट’ आणि १९९८ मध्ये ‘डिग्निटास’ या अशी मदत करणाऱ्या संस्था उभ्या राहिल्या. डिग्निटास परदेशी लोकांनाही घेते, म्हणून पडद्यावरची पात्रं झुरिकचं विमान धरतात. शेवटची कृती मात्र रुग्णानं स्वतःच्या हातानं करायची, ही तिथली अट. कथेतली सगळी घाई या अटीतून येते: हात चालतोय, गिळता येतंय, तोवरच निघायला हवं. लेखकांना एएलएस हा आजार इतका सोयीचा का वाटतो तेही यातच आलं. त्यात स्नायू एकेक करून जातात, समज बहुतेकदा शाबूत राहते, आणि आज नाही तर उद्या श्वासाचा प्रश्न उभा राहतो.

अमेरिकेतल्या ओरेगॉननं १९९७ मध्ये अंमलात आणलेला कायदाही औषध रुग्णानंच घ्यावं असं सांगतो. आयुष्य सहा महिन्यांहून कमी उरल्याचं दोन डॉक्टरांनी ठरवायचं, रुग्णानं दोनदा तोंडी आणि एकदा लेखी मागणी करायची. नेदरलँड्स आणि बेल्जियम (२००२), कॅनडा (२०१६) आणि स्पेन (२०२१) इथं डॉक्टरही ती कृती करू शकतो. स्पेनमध्ये रामोन साम्पेद्रो हा मानेखाली लुळा पडलेला माणूस वर्षानुवर्षं कोर्टात हरत राहिला आणि १९९८ मध्ये गेला. त्याच्यावरचा चित्रपट २००४ चा, कायदा त्यानंतर सतरा वर्षांनी.

भारतात यातलं काहीही कायदेशीर नाही. पडद्यावर मुलगी आईच्या हाती पेला देते, तो प्रसंग सांगलीत घडला तर भारतीय न्याय संहितेच्या १०८व्या कलमाखाली, म्हणजे आत्महत्येस प्रवृत्त किंवा साह्य केल्याबद्दल, दहा वर्षांपर्यंतची कैद होऊ शकते. तोच पेला तिनं आईच्या ओठी लावून पाजला तर तो सदोष मनुष्यवध. अठरा वर्षांवरील व्यक्तीची संमती सिद्ध झाली तर खुनाचं कलम टळतं, तुरुंग टळत नाही.

आपल्याकडची वाट या एका मुद्द्यापाशी येऊन थांबली: मारायचं नाही, पण मरण लांबवणारे उपचार थांबवता येतील का? मिनू मसानींनी मुंबईत १९८१ मध्ये सन्मानानं मरण्याच्या हक्कासाठी संस्था काढली. १९८५ मध्ये सदानंद वर्दे यांनी विधान परिषदेत खासगी विधेयक आणलं. ते मंजूर झालं नाही. पुढच्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयानं आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा देणारं ३०९वं कलम घटनाबाह्य ठरवलं, १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तेच म्हटलं, आणि १९९६ मध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठानं ते फिरवलं. मग मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानभाग यांचं प्रकरण. नोव्हेंबर १९७३ मध्ये केईएममध्ये हल्ला झाल्यावर त्या बेचाळीस वर्षं तिथल्याच खाटेवर होत्या. सर्वोच्च न्यायालयाच्या ७ मार्च २०११ च्या निकालात त्यांचं अन्न थांबवायला नकार मिळाला, कारण त्यांना सांभाळणाऱ्या केईएमच्या परिचारिकांनाच ते नको होतं. तत्त्व मात्र मान्य झालं. म्हणजे पहिला मोठा निकालसुद्धा रुग्णाच्या नव्हे, सांभाळणाऱ्यांच्या शब्दावर टेकला. रुग्णाचा आपला शब्द मध्ये आला तो ९ मार्च २०१८ च्या ‘कॉमन कॉज’ निकालानं, जिवंतपणीच करून ठेवायच्या वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता मिळाली तेव्हा.

याचा अर्थ इथल्या माणसाला स्वेच्छेनं देह ठेवणं परकं होतं असा नाही. सांगली जिल्ह्यातल्या जैन शेतकरी घरांत सल्लेखना, म्हणजे व्रत म्हणून अन्नपाणी टप्प्याटप्प्यानं सोडून देह ठेवणं, हा शब्द नवा नाही. समंतभद्राचार्यांनी त्याचे प्रसंगच ठरवून दिलेत: टळणार नाही असं संकट, दुष्काळ, म्हातारपण आणि उपाय नसलेला रोग. क्रमही आखलेला आहे; आधी अन्न कमी, मग दूध-ताकासारखी पेयं, मग कांजी नि पाणी, मग उपवास. बेळगावकडच्या भोज गावचे आचार्य शांतिसागर १९५५ मध्ये कुंथलगिरीवर असेच गेले. तरुणपणी वाईच्या प्राज्ञपाठशाळेत शिकलेल्या विनोबांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला हृदयविकारानंतर औषध, अन्न, पाणी सगळं नाकारलं. राजस्थान उच्च न्यायालयानं ऑगस्ट २०१५ मध्ये सल्लेखना म्हणजे आत्महत्या असं ठरवलं. तीनच आठवड्यांत सर्वोच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली. या परंपरेत माणूस स्वतः बोलतो आणि घरचे ऐकतात. दवाखान्यात तेच उलटं कसं झालं?

मिरजेत डॉ. वानलेस यांचं रुग्णालय १८९४ पासून, सरकारी वैद्यकीय महाविद्यालय १९६२ पासून. जत, आटपाडीपासून अथणी, चिकोडीपर्यंतचे रुग्ण इथं येतात. व्हेंटिलेटर आला तसा खर्चाचा आकडा आला, आणि जो पैसे भरतो तो बोलतो हेही आलं. आजही उपचार थांबवण्याची इथली खरी पद्धत म्हणजे ‘घरी नेतो’. वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध नेत असल्याच्या कागदावर नातेवाइकाची सही होते, श्वासाची नळी तशीच ठेवून रुग्णवाहिकेत एक जण ॲम्बूची, म्हणजे हातानं श्वास देण्याची, पिशवी दाबत बसतो, आणि घरी पोचल्यावर, पाहुणे जमल्यावर, ती पिशवी थांबते. कायद्याच्या नजरेतून डॉक्टर सुटतो. रुग्णाला मात्र त्या प्रवासात ना वेदनाशामक मिळतं ना धाप कमी करणारं औषध. घुसमट होते ती इथं, आणि कुठल्याही चित्रपटात ती दिसत नाही.

कायदेशीर वाट त्याहून सोपी करण्याचा प्रयत्न सर्वोच्च न्यायालयानं २४ जानेवारी २०२३ ला केला. २०१८ च्या नियमांत इच्छापत्रावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागायची, उपचार थांबवायचे का ते ठरवणाऱ्या डॉक्टरांच्या मंडळावर वीस वर्षं अनुभवाचे तज्ज्ञ लागायचे. ते जवळपास कोणालाच जमेना. आता प्रौढ आणि शुद्धीतल्या व्यक्तीनं दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते साक्षांकित करायचं. त्यात कोणते उपचार नकोत ते नाव घेऊन लिहायचं आणि आपल्या वतीनं बोलणारी एक किंवा अधिक जवळची माणसं नेमायची. ‘मला यातना नकोत’ एवढंच लिहिलेलं पत्र आयसीयूत निरुपयोगी असतं; व्हेंटिलेटर, डायलिसिस, नळीनं अन्न असं वेगवेगळं लिहिलेलं हवं. एक प्रत घरच्या डॉक्टरांना, एक महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. कपाटात कुलूपबंद ठेवलेली प्रत रात्री दोन वाजता सापडत नाही.

वेळ आल्यावर रुग्णालयाचं पहिलं मंडळ बसतं: उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षं अनुभवाचे दोन तज्ज्ञ. मग दुसरं मंडळ, त्यात पहिल्यात नसलेले दोन तज्ज्ञ आणि जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यानं पाठवलेला एक डॉक्टर. दोघांनीही शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं, आणि नळी काढण्याआधी न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवायचं. आता परवानगी मागायची नाही. इच्छापत्र नसेल तर हेच सगळं नातेवाइकांच्या संमतीनं. गाडी अडकते ती दुसऱ्या मंडळापाशी. आपल्याकडे जिल्हा शल्यचिकित्सक वेगळे, जिल्हा परिषदेचे आरोग्य अधिकारी वेगळे, आणि पत्र कोणाच्या नावे द्यायचं हे आयत्या वेळी विचारायला गेलं की दिवस जातात. कर्नाटकानं जानेवारी २०२५ मध्ये परिपत्रक काढून ही साखळी आपल्या रुग्णालयांना नेमकी सांगितली.

उपचार थांबवणं म्हणजे काळजी थांबवणं, हा गैरसमज डॉक्टरांतही आहे. लंडनमध्ये सिसिली साँडर्स यांनी १९६७ मध्ये सुरू केलेल्या पहिल्या आधुनिक हॉस्पिसनं, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांच्या शुश्रूषागृहानं, वेदनाशामक ठरलेल्या वेळी, दुखण्याआधीच द्यायला शिकवलं. साधी मॉर्फिनची गोळी दर चार तासांनी लागते आणि पहिल्या दिवसापासून जोडीला पोट साफ ठेवणारं औषध द्यावं लागतं. ते विसरलं की बद्धकोष्ठानं हैराण झालेला रुग्णच गोळी नको म्हणतो. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानं मॉर्फिन इतकं अवघड केलं की बहुतेक दवाखान्यांनी ते ठेवणंच सोडलं. २०१४ च्या दुरुस्तीनं परवाने एका खिडकीवर आणले, तरी मान्यता घेतलेली संस्था जवळ नसेल तर घरच्यांना दर खेपेला मोठ्या शहराकडे जावं लागतं. म्हणून डिस्चार्जच्या कागदावर सही करण्याआधी विचारून घ्यायचे प्रश्न दोन आहेत: घरी मॉर्फिन कोण लिहून देणार, आणि रात्री धाप वाढली तर फोन कोण उचलणार.